अडचण नसलेली मुलगी

"मान पुढे कर," आत्या म्हणाली.

"दुखतं गं आत्या."

"मळ काढायचा म्हणजे दुखणारच. बाप्पा बाप्पा, काय ही मान! आज गावातल्या बायका येणार हळदीकुंकवाला. म्हणतील, मुळावकरांकडे पाणी नाही काय?"

असं म्हणून तिनं वजरी उचलली. टाचा घासायचा तो खरखरीत दगड! आधी बेसन झालं होतं, लिंबाची सालं झाली होती, दही-हळद झाली होती; मानेवरची ती काळी मखमल काही म्हणता काही उतरली नव्हती. आता पाळी वजरीची. मी न्हाणीघरातल्या पाटावर बसून दात आवळून सोसत होते आणि आत्या तळाला लागलेली कढई घासावी तशी माझी मान घासत होती.

आमच्या घरात 'पाळी' हा शब्द असाच वापरायचे. वजरीची पाळी, दळण आणायची पाळी, नळावर उभं राहायची पाळी. बायकांना महिन्याला जी येते तिचं नाव 'अडचण'. आईला अडचण आली की ती मधल्या खोलीत बाजूला बसायची आणि स्वयंपाकघर आत्याच्या ताब्यात जायचं. खरं म्हणजे ते कायम आत्याच्याच ताब्यात होतं. नलूआत्या बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान लवकर गेले आणि ती दर्यापूरला माहेरी आली, ती कायमची. मूलबाळ नव्हतं. होतं ते फक्त सोवळं. तिचं सोवळं इतकं कडक की ती सोवळ्यात असताना मांजर जरी उंबऱ्यावर आलं तरी ती त्याला आधी "थांब!" म्हणून दरडावायची आणि मग कुळशील विचारल्यासारखी त्याच्याकडे बघायची.

अशा घरात मी म्हणजे रत्न होते. का, तर मला अडचणच यायची नाही.

बारा वर्षांची असताना एकदा आली, मग कधीमधी, तिच्या मर्जीनं, आणि नववीत तर तिनं येणंच सोडून दिलं. मला वाटलं, चला, सुटले. मैत्रिणी पोट धरून शाळेच्या बाकावर आडव्या पडायच्या आणि मी ठणठणीत. घरी तर आनंदीआनंद. कोणाकडे सत्यनारायण असो, कोणाकडे नवरात्र असो, आमच्या साऱ्या गोतावळ्यातून एकच निरोप, "केतकीला पाठवा हो, तिचं काही नसतं." बाकीच्या काकू-माम्या सणाच्या आधी कॅलेंडरकडे बघून घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या, पाळी लांबवायच्या गोळ्या आणायच्या. मी मात्र बारा महिने तयार. पुरणपोळी तर मी अशी लाटायची की खुद्द आत्यालाही बोट ठेवायला जागा नसायची. आणि सोवळ्यात राबणाऱ्या मुलीला बक्षीस काय? पहिली पोळी, वरून तुपाची धार. दुसरीही. कधी तिसरीही.

मी फुगत चालले होते. शाळेचा फ्रॉक दोनदा उसवून शिवला होता. गालावर पुटकुळ्या, हनुवटीवर राठ केस. ते मी आईच्या चिमट्यानं दार लावून उपटायची आणि कोणाला सांगायची नाही. सांगणार तरी काय? घरातल्या लाडक्या मुलीनं रडायचं नसतं.

तर त्या दिवशी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बैठकीत झोपाळ्यावर गौर बसली होती, आंब्याची डाळ आणि पन्हं फिरत होतं. मी उंच गळ्याचा ब्लाउज घालून, मानेची आग सहन करत, आल्या-गेल्या बायकांच्या ओटीत भिजवलेले हरभरे घालत होते. तेवढ्यात डॉक्टर तायडे आल्या. दर्यापुरातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. आवाज असा की दवाखान्यात बोलल्या तर बसस्टँडवर ऐकू यावं. मी वाकून नमस्कार केला. ब्लाउजचा गळा मागून सरकला असणार.

"थांब. हे काय गं?" त्यांनी माझी वेणी बाजूला केली. "काहून घासली एवढी? सालटं निघालं पहा पोरीचं!"

"मळच निघत नाही हो डॉक्टरीणबाई," आत्या पन्ह्याचा पेला पुढे करत म्हणाली. "सगळं करून पाहिलं."

"मळ असता तर निघाला असता जी. तुमचा तरी निघाला काय?"

आत्यानं झटकन पदर मानेवर ओढला. तिचीही मान तशीच होती, हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं. आत्याकडे मान असते हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं, सदा पदर!

"पाळी येते काय गं तुले बरोबर?" डॉक्टर तायडेंनी विचारलं. भर बैठकीत! डाळीचे चमचे हवेत थांबले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मी तोंड उघडायच्या आत आत्याच पुढे झाली. छाती भरून म्हणाली, "आमच्या केतकीला अडचणच नसते! गेल्या महालक्ष्म्यांना सगळ्या पोळ्या हिनं लाटल्या. दिवाळीला हीच. संक्रांतीला हीच. गोळीसुद्धा लागत नाही हिला."

"दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही," डॉक्टर तायडे हळूहळू म्हणाल्या. "अन् तुम्ही खूश?"

 आई दारात ताम्हन घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती पहिल्यांदाच मनात महिने मोजते आहे.

"उद्या दवाखान्यात आणा हिले. उपाशीपोटी," डॉक्टर म्हणाल्या, "आणि ती डाळ द्या इकडे, मस्त झाली आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो. रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी झाली, अमरावतीहून रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलावणं आलं. डॉक्टर तायडेंनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. आई आणि आत्या मागे बाकावर.

"पीसीओएस म्हणतात याले," त्या म्हणाल्या. "घाबरायचं नाव नाही, लय पोरींना असते. हे पाहा, आपण जेवतो त्याची साखर होते. ती साखर अंगातल्या घराघरांत पोचवायचं काम इन्शुलिनचं. ते दार वाजवते. तुझ्या घरची दारं लवकर उघडत नाहीत. मग अंग काय करते? आणखी इन्शुलिन पाठवते, आणखी पाठवते. आता एवढी मंडळी गल्लीत जमली तर दंगा होणारच ना? जाता-येता अंडाशयाले डिवचतात. तिथं मग पुरुषांचं जे हार्मोन थोडंसं असते ते वाढते. त्यानं हनुवटीवर केस, तोंडावर पुटकुळ्या, अन् पाळी गायब. वजन वाढलं की दारं आणखी घट्ट. असं ते चक्र."

"आणि मान?" मी विचारलं.

"मान त्याचीच. इन्शुलिन जास्त झालं की कातडी अशी काळी अन् जाड होते. तो मळ नाही."

"म्हणजे मी घाणेरडी नाही?"

डॉक्टर तायडे हसायला लागल्या आणि माझं तोंड बघून थांबल्या. "कोण म्हणते घाणेरडी?"

मी रडायलाच लागले. दुःखानं नाही हो, सुटल्यासारखं झालं म्हणून! दोन वर्षं मी रोज साबणाची वडी झिजवत होते. वर्गात माझ्या मागच्या बाकावर कोणी बसलं की मी वेणीनं मान झाकायची. आणि इथं एक बाई चष्मा पुसत सांगत होत्या की तो मळच नाही.

आईनं मागून विचारलं, "पुढे लग्नकार्य, मुलंबाळं..."

"पोरगी दहावीत जाऊन राहिली अन् तुम्ही थेट बारशाले पोचल्या! वेळेत लक्ष घातलं तर बहुतेकींचं नीट होते. नाही घातलं तर कमी वयात डायबेटिस मागे लागतो, बाकीचंही लागते. आत्ता साखर काठावर आहे. आत्ताच वळवू."

 आत्या एकदम म्हणाली, "पूर्वीच्या बायकांनाही व्हायचं का हो हे?"

"व्हायचं की. नाव माहीत नव्हतं."

  घरी आल्यावर आत्या फाटकातून तडक न्हाणीघरात गेली, वजरी घेऊन बाहेर आली आणि तिनं ती कंपाउंडच्या भिंतीवरून भिरकावली. ती शेजारच्या पाठकांच्या स्कूटरवर आदळली आणि त्यावरून पुढे महिनाभर दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

डॉक्टरांनी सुरुवातीला काही दिवसांच्या गोळ्या देऊन एक पाळी आणवली. आतमध्ये साचू देणं बरं नाही, म्हणाल्या. "पण ही माझी. गोळीनं आणलेली. पुढची तुझी तुला आणायची आहे. तिची वाट पाहू." आणि मग साखरेची एक गोळी रोजची. घरी येऊन बघते तर आत्याच्या डबीत तीच गोळी! आत्याला साखरेचा त्रास जुना होता. रोज जेवताना आम्ही दोघी समोरासमोर बसून एकाच वेळी पाण्याचे पेले उचलायचो आणि बाबा म्हणायचे, "चिअर्स."

खरी गंमत जेवणाची झाली. डॉक्टरांनी उपास बंद केले. आत्याला धक्का! साबुदाणा नको, वरीचा भात नको, उपाशी राहून संध्याकाळी तुटून पडणं नको. ज्वारीची भाकर, झुणका, पालेभाजी, उसळ, ताक. गोड सणासुदीला, चवीपुरतं.

"म्हणजे चतुर्थीला भाकर?" आत्यानं विचारलं होतं.

"गणपती काही म्हणत नाही. म्हटलं तर माझ्याकडे पाठवा," डॉक्टर तायडे म्हणाल्या होत्या.

आणि चालणं. पहाटे नदीच्या पुलापर्यंत. मी एकटी जाणार नाही म्हणून आत्या माझ्याबरोबर निघाली. लुगड्याखाली बाबांचे जुने पांढरे कॅनव्हासचे बूट! पहिल्या दिवशी गल्लीतली कुत्रीसुद्धा बघत राहिली. पुलापर्यंत पोचायच्या आधी आम्ही दोघी धापा टाकत मारुतीच्या पारावर बसलो आणि आत्या म्हणाली, "हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही गं." दुसऱ्या दिवशी तीच मला उठवायला आली.

उन्हाळा गेला. आम्ही पुलापर्यंत पोचलो, मग पुलापलीकडे. पावसाळ्यात छत्र्या घेऊन. शाळा सुरू झाल्यावर मी खो-खोत नाव घातलं. आधी पोरी हसल्या. मग एक दिवस माझ्या पाठीवर थाप मारून कोणीतरी "खो" दिला, मी उठून धावले आणि खांबाला वळसा घालून थेट त्या हसणाऱ्या पोरीलाच बाद केलं. घरी येऊन मी आत्याला ओरडून सांगितलं, "आत्या, मी पळते गं! मला पळता येतं!" शरीर आपलं असून आपल्या कामी येतं, हे मला पंधराव्या वर्षी कळलं. फ्रॉक सैल झाला. पुटकुळ्या कमी झाल्या. मान काही गोरी झाली नाही, पण मी वेणी वर बांधायला लागले.

सगळं झालं, पण ती काही येईना.

जून गेला, जुलै गेला. महिन्याच्या महिन्याला आई डोळ्यांनी विचारायची, मी मान हलवायची. आत्या तर सरळच विचारायची, रोज, पुलावर. "काही?" "नाही." "बरं. चल, पाय उचल." मला आता मनापासून ती हवी होती. आधी सुटले म्हणून नाचणारी मी, आता पोटात जरा कळ आली की बाथरूमकडे धावत होते आणि हिरमुसून परत येत होते. ऑगस्टात डॉक्टरांनी तपासलं. साखर उतरली होती. "छान आहे," त्या म्हणाल्या, "गणपती-महालक्ष्म्या होऊ दे. तोवर नाहीच आली तर पुन्हा गोळीनं आणू." पुन्हा गोळी म्हणजे माझ्या लेखी नापास. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं, पण मला तसंच वाटत होतं.

महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे उभ्याच्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींची पोरं पुढ्यात, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला. दुसरा दिवस जेवणाचा. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, आणि पुरणपोळ्यांची चवड. संध्याकाळी नैवेद्य, मग सवाष्णी आणि सगळा गोतावळा पंगतीला. आणि नेमकी आदल्या रात्री आईला अडचण आली. तिला त्या लांबवायच्या गोळ्यांनी डोकं भयंकर दुखायचं म्हणून या वर्षी डॉक्टरांनी साफ नको सांगितल्या होत्या. काकू नागपूरला बाळंतिणीपाशी. आणि आत्याचा उजवा खांदा आखडलेला. भाजी फोडणीला टाकणं जमेल, पण लाटणं फिरवणं अशक्य.

"काही काळजी नाही," आत्या म्हणाली, "केतकी आहे ना."

सकाळी मी डोक्यावरून न्हाले. सोवळ्याचं लुगडं नेसायला हात घातला, आणि मला दिसलं.

आधी विश्वासच बसला नाही. मी पुन्हा बघितलं. मग न्हाणीघराच्या भिंतीला टेकून मी एकटीच खुदकन हसले. आली होती! गोळी नाही, काही नाही, आपल्या पायांनी चालत आली होती! आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं. आज? आजच? आत पुरण शिजत होतं, पीठ मळून ठेवलेलं होतं, संध्याकाळी पन्नास पानं पडणार होती.

लपवावं का? नैवेद्यापर्यंत कोणाला कळलं असतं? पण मग सांगणार कधी? तिला लपवायचं म्हणजे आपणच तिला "अडचण" म्हणायचं. आणि मी तर तिची एप्रिलपासून वाट बघत होते. मी साधे कपडे घातले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले.

"अगं, अजून नेसली नाहीस? पुरण झालं माझं," आत्या पाठमोरीच म्हणाली.

"आत्या."

"काय?"

"आली."

आत्या वळली. हातातला डाव तसाच. "कोण आली?"

"ती."

आत्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, ती आता मोठ्यानं काहीतरी बोलेल, हसेल, निदान चार महिने पुलावर जे विचारत होती त्याचं उत्तर मिळालं म्हणून तोंड तरी उजळेल. ती म्हणाली, "तिथंच थांब. आत पाय टाकू नकोस."

एवढंच. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! डोळ्यांत पाणी आलं. आत्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं हाक मारली ती बाबांना.

"बाळ! अरे बाळ! आंघोळ कर आणि कद नेस. पोळ्या लाटायच्या आहेत."

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. ते तसेच, पेपरासकट, दारात आले. "कोणी?"

"तू."

"ताई, मी भूगोल शिकवतो."

"मग गोल तर येत असेल. चल."

पुढचे चार तास आमच्या घरात जे झालं ते आठवून मी आजही हसते. बाबा रेशमी कद नेसून, उघड्या अंगानं, पोळपाटापुढे मांडी ठोकून बसले. आत्या तव्यापाशी. मी उंबऱ्याबाहेर पाटावर आणि माझ्या मागे मधल्या खोलीच्या दारात आई. आम्ही दोघी अडचणवाल्या बाहेरून हुकूम सोडत होतो.

"बाबा, पीठ लावा! पीठ! पोळपाटाला चिकटली!"

"लावलं की."

"कडेनं लाटा. मध्ये दाबू नका, पुरण बाहेर येईल."

"आलं."

पहिली पोळी झाली ती थेट ऑस्ट्रेलिया. उचलताना खालचा तुकडा सुटला. "टास्मानियासुद्धा आहे," बाबा अभिमानानं म्हणाले. आई हसता हसता भिंतीवर डोकं आपटत होती. आत्या "देवा, क्षमा कर" म्हणत ती पोळी तव्यावर टाकत होती. पण एकेक करत बाबांचा हात बसला. दहाव्या-बाराव्या पोळीला मी ओरडले, "बाबा, गोल!" आणि बाबांनी ती पोळी तळहातावर घेऊन आईला लांबूनच दाखवली. आईनं टाळ्या वाजवल्या.

मी हसत होते, शिकवत होते, पण मनात काटा होताच. आत्या माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. भाज्या फोडणीला टाकत होती, वडे तळत होती, कढीला उकळी आणत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

संध्याकाळ झाली. बैठकीत गुरुजी आले, सवाष्णी आल्या. डॉक्टर तायडेही पंगतीला आल्या होत्या, त्यांना आईनं मधल्या खोलीतूनच काहीतरी खुणावलं आणि त्यांचा आवाज बसस्टँडपर्यंत गेला, "अगं वा!" नैवेद्याची ताटं मांडून तयार. आत्यानं शेवटची पोळी ताटात ठेवली, वर तुळशीपत्र ठेवलं, हात धुतले. मग ती पहिल्यांदा उंबऱ्यापाशी आली आणि पलीकडे उभी राहिली.

"स्वयंपाक आटोपला," ती म्हणाली. "महालक्ष्म्यांची ताटं भरली. सकाळी बोलले असते तर हातून काही झालंच नसतं गं. म्हणून बोलले नाही."

 आत्यानं चौकटीला हात टेकला.

"मलाही नसायची अडचण," ती म्हणाली.

मी पाटावरून उठून उभी राहिले.

"सासरी सगळे खूश. सासूबाई दर महालक्ष्म्यांना चारचौघींत सांगायच्या, सून असावी तर आमच्या नलूसारखी, हिचं कधी काही नसतं. मलाही बाई, त्याचा गर्व! पुढे मूलबाळ होईना, तेव्हा त्याच तोंडांनी मला ओटी भरायला बोलावणं बंद केलं. कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. कोणी विचारलंसुद्धा नाही. बाकीच्या बायका सणाला येऊ नये म्हणून गोळ्या घ्यायच्या आणि मी या दोघींपुढे पोळ्या ठेवून मागायची, मला येऊ दे. एकदा तरी, अगदी आजच्या दिवशीसुद्धा, मला येऊ दे." तिनं नाक ओढलं. "आणि ह्याच तोंडानं मी तुझं कौतुक करत होते. वजरीनं मान घासत होते तुझी."

"आत्या, असं नको ना बोलूस..."

आणि नलूआत्यानं उंबरा ओलांडला. सोवळ्यात, नैवेद्य वाढायचा राहिलेला असताना, माझ्यासारख्या बाजूला बसलेल्या मुलीला तिनं मिठी मारली. आखडलेला हात वर जाईना, म्हणून एकाच हातानं, पण अशी घट्ट की माझा श्वास अडकला. तिच्या अंगाला पुरणाचा, वेलदोड्याचा वास येत होता. ती रडत होती आणि हसत होती.

"आली गं माझी बाई! आपल्या पायांनी आली!"

"आत्या, सोवळं! अगं सोवळं मोडलं!"

"माहीत आहे मला."

बैठकीतून गुरुजी खाकरले. बाबा कद सावरत धावत आले आणि आम्हाला बघून दारातच थबकले. "ताई, अगं हे काय केलंस? महालक्ष्म्या केव्हाच्या ताटकळल्या आहेत!"

आत्यानं पदरानं डोळे पुसले. मला सोडलं नाही.

"मी त्यांच्यापुढे एवढी वर्षं थांबले, बाळ. त्या माझ्या एका आंघोळीपुरत्या थांबतील."

मग तिनं खुंटीवरचं दुसरं लुगडं खांद्यावर टाकलं आणि न्हाणीघराकडे निघाली. जाताना वळून तिनं मला आणखी एकदा जवळ घेतलं, आता काय, मोडलं ते मोडलंच होतं. आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आत्या मोठ्यानं गौरीची गाणी म्हणायला लागली.